नथूअण्णांकडचं सतरावं पान

नथूअण्णांवर मी जळायचो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, बघा, किती मोठ्या मनानं लिहितोय हा माणूस आपल्या जुन्या सहकाऱ्याबद्दल. छे! मन मोठं असतं तर लिहायला काही उरलंच नसतं.

बरं, जळण्यासारखं त्यांच्याकडे होतं तरी काय? उंची बेताची. अंगात खाकी शर्ट, तो पिरंगुटच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते तेव्हापासूनचा. डोक्यावर पांढरी टोपी. चष्मा गळ्यात अडकवलेला, तोही गोधडी शिवायच्या दोऱ्यानं. इंग्रजी म्हणाल तर आकडे तेवढे वाचता यायचे, अक्षरं नाहीत. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या कंपनीत जुन्या फायली सांभाळायला लागले होते. मी परभणीहून आलेला इंजिनिअर, भिंतीवर चार प्रमाणपत्रं टांगलेली. आणि ऑफिसातला पोरगा असो की पोरगी, अडलं की जायची अण्णांकडे.

आमची कंपनी घोटावड्याच्या बाजूला. चाळीस माणसं. गावोगावच्या रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबना आम्ही संगणकाची यंत्रणा पुरवायचो. लॅबमध्ये तपासणी झाली की अहवाल आमच्या यंत्रणेतून डॉक्टरकडे जायचा. ही यंत्रणा एखाद्या दिवशी पार आडवी झाली तर ती पुन्हा उभी कशी करायची, हे लिहून ठेवणं माझं काम. त्याची मी एकशेबारा पानांची वही केली होती. कोणतं मशीन आधी सुरू करायचं, कोणाला फोन लावायचा, माहितीची जादा प्रत कुठे आहे आणि ती कुठल्या किल्लीनं उघडते, सगळं त्यात. किल्ली म्हणजे चोवीस इंग्रजी अक्षर-आकड्यांची ओळ. ऑफिसात तिला ‘आपत्ती वही’ म्हणायचे. मला भारी अभिमान त्या वहीचा.

मग एकदा तपासणीसाठी बाहेरचे ऑडिटर आले. वही चाळली, मान डोलावली. म्हणाले, “छान लिहिलीय. ठेवता कुठे?”

“सर्व्हरवर,” मी ऐटीत.

“आणि सर्व्हरच गेला तर वाचणार कुठून?”

झालं. विहिरीत पडलेल्याला वर काढायचा दोर मी विहिरीतच ठेवला होता. आमच्या मालकीणबाई, अपर्णा मॅडम, खिडकीबाहेर बघायला लागल्या. ऑडिटर म्हणाले, छापील प्रत हवी, आणि ती ऑफिसपासून लांब, दुसऱ्या गावात हवी. इथे आग लागली, पाणी शिरलं, तरी तिला धक्का लागता कामा नये.

दुसऱ्या दिवशी मी शहरातल्या एका तिजोरीवाल्यांचं पत्रक घेऊन मॅडमच्या खोलीत गेलो. पोलादी कपाटं, थंड हवा, बोटाच्या ठशानं उघडणारं दार. अण्णा तिथेच कोपऱ्यात जुन्या फायली बांधत बसलेले. माझं सगळं बोलून झाल्यावर ते हळूच म्हणाले, “मॅडम, बोलू का?”

“बोला की, अण्णा.”

“आमच्यात भाताचं बी एका घरात ठिवत न्हाईत. माझं निम्मं बी भरे गावाला बहिणीकडं असतं, तिचं निम्मं माझ्याकडं. एक कणगी भिजली, उंदरानं खाल्ली, तरी दुसऱ्या घरचं बी ऱ्हातंय. पेरणी काय थांबत न्हाई. माझं घर माले गावाला हाय. दगडी खोली हाय. पत्र्याची ट्रंक हाय. सायबांची वही तितं ठिवू की.”

मॅडम हसल्या. ऑडिटरांना फोन लावून विचारलं. ऑडिटर स्वतः माल्याला जाऊन बघून आले, आणि माझं पत्रक मॅडमच्या टेबलावर चहाच्या कपाखाली गेलं. जळण्याची सुरुवात झाली ती तिथे. कल्पना साधी होती, खर्च नव्हता, आणि ती मला सुचली नव्हती.

ऑडिटर गेले तेव्हा मीही बरोबर होतो. अण्णांच्या घराची मागची खोली दगडी, जमिनीपासून दोन हात उंच. ओट्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर ट्रंक, ट्रंकेत निरगुडीचा पाला. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात तोच. ऑडिटरांनी घड्याळ लावलं. “अण्णा, बत्तिसावं पान दाखवा.”

“हाय का?” असं विचारलं की माणूस आपलं “आहे आहे” म्हणून टाकतो. अण्णांच्या तोंडून तसं कधी निघायचं नाही. कारखान्यातली सवय. “हाय म्हणायचं न्हाई, दावायचं,” हे त्यांचं वाक्य मी हजारदा ऐकलंय. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, चष्मा लावला, कंबरेची किल्ली काढली आणि दोन मिनिटांत पान ऑडिटरांच्या हातात ठेवलं.

“आणि तुम्ही घरी नसलात तर?”

“तर ही.” चुलीपाशी बसलेल्या काकूंकडे बोट. काकूंनी पदर सावरला.

“आणि काकूही नसल्या तर?”

“शेजारी माझा चुलतभाऊ हाय. किल्ली कुटं हाय त्ये त्याला ठावं न्हाई. पन किल्ली कुणाला ठावं हाय, त्ये ठावं हाय.”

ऑडिटर पोट धरून हसले. परत येताना गाडीत म्हणाले, “संदीप, हा माणूस तुमच्याकडे आहे, नशीबवान आहात.” आणि अहवालात लिहिलं, उत्कृष्ट. मी एकशेबारा पानं लिहिली होती, त्यावर लिहिलं होतं, समाधानकारक.

ट्रंकेबरोबर अण्णांनी एक लांबट वही घातली. त्यात रकाने आखलेले. तारीख, पान, आवृत्ती, कोणी दिलं, सही. आमच्या वहीतलं एखादं पान बदललं की मी ते नवं छापून अण्णांना द्यायचं, त्यांच्या वहीत सही करायची, अण्णांनी जुनं पान माझ्या हवाली करायचं. छापील प्रत एकच, ती माल्याला. हा नियम माझाच. कागद जितके कमी तितकी चोरी कमी, असं मी मॅडमना पटवलं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी अण्णा माझ्या टेबलासमोर उभे राहायचे. “सायेब, पान बदललं का?” प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा आकडा असायचा. अण्णा तो आकडा बोटानं दाबून वाचायचे, आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडायचे आणि मगच पान पिशवीत जायचं. वरचा मजकूर त्यांच्या लेखी नक्षीच. एकदा मी चुकून जुनीच आवृत्ती पुन्हा छापून दिली. अण्णा म्हणाले, “सायेब, ह्यो पाच माझ्याकडं हाय. सहा कुटं गेला?” सगळ्या टेबलांवरून माना वळल्या. मी हसून नेलं. आत मात्र असा चडफडलो!

त्याच बुधवारी जाता जाता ते छापायच्या यंत्राजवळचे आणि टेबलांखालच्या टोपल्यांमधले पाठकोरे कागद गोळा करायचे. चुरगळलेला असला तर मांडीवर ठेवून तळहातानं सपाट करायचे. “येक बाजू कोरी हाय की अजून,” म्हणायचे. गुप्त कागद फाडायचं यंत्र दाराजवळ होतं, त्यामुळे टोपलीतले कागद साधेच असत, नेले तरी कुणाचं काही जात नसे.

आणि लोक! लोकांचं काय करायचं सांगा. माझी बढती झाली तेव्हा मी अर्धा किलो पेढे आणले. त्याच दिवशी अण्णा माल्याहून पिशवीभर करवंदं घेऊन आले. पोरींनी पेढ्याचा डबा बाजूला सारला आणि करवंदांभोवती कोंडाळं केलं. संध्याकाळी डब्यात नऊ पेढे शिल्लक. मी मोजले. हो, मोजले, आणि बस येईपर्यंत घोटावड्याच्या फाट्यावर उभा राहून ते नऊच्या नऊ एकट्यानं खाल्ले.

पावसाळा सरला की अण्णा कागदांना ऊन दाखवायचे. मुळशीत पाऊस असा, की चार महिन्यांत भिंतीला शेवाळ धरतं, पापड सादळतात, कागदाचं तर विचारूच नका. मी एकदा मुद्दाम न सांगता गेलो. बघतो तर काय, अंगणात गोधड्या अंथरलेल्या आणि माझी एकशेबारा पानं त्यांवर ओळीनं मांडलेली. प्रत्येकावर नदीतला गोटा. मधोमध अण्णा पाटावर बसलेले, मांडीवर काठी, कोंबड्या हाकायला. दहा-बारा कोंबड्या घिरट्या घालत होत्या. माझ्यादेखत एक तुरेवाली आली ती थेट एकतिसाव्या पानावर चालत गेली. पावलं उमटली की हो! शेणाची, तीन बोटांची, ठसठशीत.

“हाऽड! हाऽड!” अण्णा उठेपर्यंत ती पसार.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. सापडलं एकदाचं! मी तिथे चहा घेतला, काकूंनी दिलेली चवळीच्या शेंगांची जुडी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्यांसमोर विषय काढला. कंपनीचे गुप्त कागद उघड्या अंगणात! कोंबड्या फिरतात त्यांवर! एकतिसावं पान मी पुराव्यासाठी बरोबर आणलं होतं. ते सगळ्यांच्या हातांतून फिरलं.

मॅडमनी विचारलं, “अण्णा, काय हे?”

अण्णा उभे राहिले. “पायाचं चुकलं, मॅडम. कोंबडीचं न्हवं, माझं. मी उठायला उशीर केला. बाकी गावात त्ये वाचनार कोन? आन् वाचलं तरी कळनार कुनाला? हितं तरी किती जनांना कळतंय?”

सगळी खोली हसली. मॅडम डोळे पुसेपर्यंत हसल्या. माझ्या शेजारचा तर टेबलावर हात आपटून हसला. मी लिहिलेली वही हितं कुणाला कळतीय, असा त्याचा अर्थ झाला ना! अण्णांना तसं म्हणायचं नसेलही. मी मात्र तसंच घेतलं, आणि डोक्यात धरलं.

पुढच्या महिन्यात आम्ही जादा प्रतीची किल्ली बदलली. ती किल्ली सतराव्या पानावर. आवृत्ती आठची नऊ झाली. बुधवार होता. मी पान छापून टेबलावर ठेवलं होतं. अण्णा आले. पण माझ्याकडे यायच्या आधी वाटेत चार जणांनी त्यांना अडवलं. कोणी खुर्ची दिली, कोणी पाणी. मॅडम स्वतः खोलीतून बाहेर येऊन म्हणाल्या, “अण्णा, गुडघा कसा आहे?” मला त्या आठवड्यात ताप येऊन गेला होता. कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

काय झालं मला, देव जाणे. मी पान उचललं, चुरगळलं, पायाखालच्या टोपलीत टाकलं. फाडायचं यंत्र दहा पावलांवर होतं. डोकं फिरलेला माणूस दहा पावलंही चालत नाही.

“सायेब, पान बदललं का?”

“नाही.”

अण्णा “बरं,” म्हणाले. मी फोन कानाला लावून बाहेर निघून गेलो. मनात म्हटलं, एखाद्या दिवशी ऑडिटर येतील, सतरावं पान मागतील, आणि ट्रंकेतून निघेल जुनं. मग बघू कोण उत्कृष्ट. उद्या-परवा नवं पान देऊ, असंही मनात होतं. दिलं नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही, त्याच्याही पुढच्या बुधवारी नाही. अण्णा विचारायचे, मी नाही म्हणायचो.

आणि एका सकाळी ऑफिसात आलो तर सगळ्या पडद्यांवर एकच काळी पाटी. कोणीतरी बाहेरून शिरून आमच्या सगळ्या मशीनना कुलूप घातलं होतं आणि उघडायचे पैसे मागितले होते. सर्व्हर गेला, लॅपटॉप गेले, माझी वही तर सर्व्हरवरच. लॅबांचे फोन सुरू झाले. कुणाचं ऑपरेशन खोळंबलेलं, कुणाला रक्त चढवायचं की नाही ते अहवालावर ठरायचं होतं. जादा प्रत दुसरीकडे सुखरूप होती. ती उघडायची किल्ली तेवढी कुणाला पाठ नव्हती. चोवीस अक्षरं कोण पाठ करतं!

मॅडम अजिबात घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, “माल्याला जाऊ. संदीप, चल.” त्यांनी अण्णांना फोन केला. अण्णा म्हणाले, “या.” फोनवर वाचून घ्यायची सोय नव्हतीच, अण्णांना अक्षरं वाचता येत नव्हती आणि घरात दोघंच म्हातारी माणसं.

गाडी मॅडम चालवत होत्या. पिरंगुट मागे पडलं आणि मी हिशेब मांडायला लागलो. ट्रंकेत आठवी आवृत्ती होती. तिच्यावरची किल्ली जुनी, कुचकामी. हे जगात मला एकट्याला ठाऊक. सांगून टाकावं का? तोंड उघडलं, तर मॅडम म्हणाल्या, “बरं झालं आपण अण्णांचं ऐकलं, नाही?” मी तोंड मिटलं. पौड आलं. पौडला सिग्नलला थांबावी तशी गाडी गुरांपुढे थांबली आणि तेवढ्या वेळात मी एक वाक्य तयार केलं. ते इथे लिहितो, कारण इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही. वाक्य असं, ‘मॅडम, मी पान दिलं होतं, अण्णांनी हरवलं असेल, कोंबड्यांचं तुम्ही बघितलंच होतं.’ बसलं की नाही फिट्ट? कुणीही विश्वास ठेवला असता. म्हातारा इंग्रजी वाचत नाही, कागद अंगणात पसरतो. त्याचं सारं आयुष्य ठेवलेलं सापडण्यावर उभं होतं, आणि ते मी माल्याच्या वळणापर्यंत मनातल्या मनात पाडून टाकलं होतं.

अण्णा ओट्यावर उभे होते. टोपी घातलेली, किल्ली हातात.

मॅडमनी चप्पल काढता काढता विचारलं, “अण्णा, सतरावं पान. नववी आवृत्ती आहे ना?”

अण्णा किल्ली घेऊन आत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा. जिभेवर वाक्य तयार.

पान बाहेर आलं. मॅडमनी उजेडात धरलं. तळाशी नऊचा आकडा. वर चोवीस अक्षरं, नवी. सगळ्या पानावर चुरगळल्याच्या बारीक रेघा होत्या. कुणीतरी गरम तांब्या फिरवून ते सपाट केलं होतं. तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची जुनी रीत आहे ना, तशी. कडेला तांब्याच्या बुडाचा पिवळट चंद्र उमटला होता.

“हे असं का झालंय?” मॅडम म्हणाल्या.

“भिजलं, मॅडम. घरी आनताना अवकाळी पावसानं गाठलं. सायबांनी चांगलं दिलं हुतं.” माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. “जावा बिगीबिगी. लोकं खोळंबल्यात.”

संध्याकाळपर्यंत लॅब सुरू झाल्या. आठवड्यानं मॅडमनी सगळ्यांना जमवून सांगितलं, “संदीपनं पान वेळेवर पोचवलं आणि अण्णांनी जिवापाड जपलं, म्हणून आज आपण उभे आहोत.” टाळ्या. माझं नाव आधी, अण्णांचं नंतर. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं! अण्णाही टाळ्या वाजवत होते, शेवटच्या रांगेत, टोपी सावरत. आणि सांगतो, त्या टाळ्यांत उभा राहून मी त्या माणसावर जितका जळलो तितका आधी कधीच जळलो नव्हतो. ज्यानं आपल्याला जिंकवलं त्याला हरवायचं कसं, तुम्हीच सांगा.

मी आभार मानले नाहीत. एकटे भेटायची वेळच येऊ दिली नाही. बुधवारी पानं वेळेवर द्यायला लागलो, सही करायची तेव्हा त्यांच्या वहीतल्या वरच्या ओळींकडे बघायचं टाळायचो. अण्णाही तो विषय काढत नसत. पुढे त्यांचे डोळे अधू झाले, नोकरी सुटली. ट्रंक तेवढी त्यांच्याकडेच राहिली.

मग कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली. नव्या लोकांना कागद शहरातल्या तिजोरीत हवे होते. पोलादी कपाटं, थंड हवा, बोटाच्या ठशाचं दार. मी कधीकाळी आणलेलं पत्रक ज्यांचं होतं, तेच. मला म्हणाले, “तुम्हीच ट्रंक घेऊन या.” जिंकलो म्हणायचं की मी!

ऐन उन्हाच्या वेळी माल्याला पोचलो. अण्णा अंगणात पाटावर बसले होते. आवाजावरून ओळखलं. “सायेब? या. काकडी खाता का?”

ट्रंक ओट्यावर आधीच काढून ठेवली होती. मी एकशेबारा पानं मोजून घेतली. मग अण्णांनी मांडीवरची लांबट वही पुढे केली. एका पानावर खूण म्हणून निरगुडीचं वाळकं पान घातलेलं होतं.

“सायेब, वही पुरी करून द्यायची हाय. तेवढी एक वळ राह्यलीया.”

मी उघडलं. तारीख, पान सतरा, आवृत्ती नऊ. पुढचे दोन रकाने कोरे. कोणी दिलं, कोरं. सही, कोरी. वर-खाली सगळीकडे माझ्या झोकदार सह्या.

“अण्णा, तुम्हीच का नाही भरलंत?”

“मला दिलंच न्हवतं कुनी, तर काय लिवू? मॅडमला तोंडानं सांगितलं त्ये सांगितलं. वहीत खोटं कसं घालायचं?” मग म्हणाले, “टोपलीत घावलं मला. पाठकोरं म्हनून उचललं, तर खाली नवाचा आकडा. माझ्याकडं तर आठ हुता. म्हनलं, सायेब इसरले. मग फुडच्या बुधवारी इचारलं, तरीबी तुमी बदललं न्हाईच म्हनला.”

मी पेन काढलं. माझं नाव लिहून सही ठोकली असती तर कुणाला कळणार होतं? अण्णांना तर दिसतही नव्हतं. हे मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग ‘कोणी दिलं’ या रकान्यात लिहिलं, ‘संदीपच्या कचऱ्याच्या टोपलीतून.’ पुढे सही केली.

“काय लिवलं? वाचा.”

मी वाचलं. काकू दारात तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

“व्हय. आता बराबर हाय,” अण्णा म्हणाले आणि वही चाचपून मिटली. मग विचारलं, “पन का टाकलं हुतं, सायेब?”

“जळत होतो, अण्णा.”

“कुनावर?”

“तुमच्यावर.”

अण्णांनी माझ्या दिशेला तोंड केलं. इतकं चकित झालेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. “माझ्यावर? माझ्यापाशी काय हाय?” आणि मग काकूंना म्हणाले, “ऐकलं का गं? आन् आपुन काय समजत हुतो.”

“काय समजत होता?”

उत्तर काकूंनी दिलं, तांदळातून मान वर न करता. “ह्यास्नी वाटलं, कोंबडीनं घान केली तवापास्नं सायबांचा इस्वास उडाला. म्हनून नवं पान देत न्हाईत. तुमी बैठकीत बोलला, त्याच आठवड्यात सगळ्या कोंबड्या भऱ्याला वन्संकडं धाडल्या. बारा कोंबड्या. आता अंडी इकत आनतो आमी.”

“जाऊ दे की,” अण्णा म्हणाले. “त्यांचा माल, त्यांची काळजी.”

तेव्हा मला दिसलं. अंगणात एक पीस नव्हतं. मॅडमबरोबर आलो तेव्हाही, आज ट्रंकेसाठी आत शिरलो तेव्हाही, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला काही बोलायचं होतं. “अण्णा, माफ करा,” एवढंच म्हणालो. अण्णा म्हणाले, “पाला बदलत ऱ्हावा. तितं थंड हवा असली तरी.”

ट्रंक मी एकट्यानं उचलून डिकीत घातली. काकूंनी काकड्या दिल्या. नको म्हणायचं धाडस झालं नाही.

वळणावर गाडी वळवताना मागे बघितलं. उन्हात अण्णा पाटावर तसेच बसले होते. समोर गोधडी नव्हती, कागद नव्हते, कोंबडी तर नव्हतीच. मांडीवर काठी मात्र होती, आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून ते अंगण राखत होते.